कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्या: चित्रं ओळखायची कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कल्पसूत्र म्हणजे नेमकी कोणती पोथी?

श्वेतांबर जैनांचा पर्युषणात म्हणजे पावसाळ्यातल्या व्रतपर्वात वाचला जाणारा प्राकृत ग्रंथ. परंपरेनं तो भद्रबाहूंचा मानला जातो. त्याचे तीन भाग आहेत: तीर्थंकरांची चरित्रं, स्थविरांची म्हणजे गुरुपरंपरेची यादी, आणि चातुर्मासात साधूंनी कसं राहावं याचे नियम. ग्रंथाचं माप १२१६ श्लोकांचं, म्हणून त्याला ‘बारसा सूत्र’ही म्हणतात. संवत्सरीच्या म्हणजे पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी मूळ पाठ वाचताना श्रोत्यांना चित्रं दाखवायची प्रथा आजही आहे.

चित्रांचा भर पहिल्या भागावर असतो. चरित्रं उलट्या क्रमानं येतात: आधी महावीर, मग पार्श्वनाथ, मग नेमिनाथ, मधले तीर्थंकर थोडक्यात आणि शेवटी ऋषभनाथ. निम्म्याहून जास्त जागा एकट्या महावीरांची. त्यामुळे एखादं सुटं पान समोर आलं तर ते महावीरचरित्रातलं असण्याची शक्यताच जास्त.

वेगवेगळ्या पोथ्यांत चित्रं इतकी सारखी कशी? चित्रकार एकमेकांची नक्कल करत होते का?

करत होतेच, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. पोथी लिहून घेणं हे ज्ञानदान, पुण्याचं काम. श्रावक किंवा श्राविका ती करवून घेऊन गुरूंना अर्पण करत. गिऱ्हाइकाला नवी कल्पना नको होती, बरोबर प्रसंग हवा होता. चौदा स्वप्नं म्हणजे चौदाच हवीत, तेरा चालायची नाहीत. चित्र इथे खुणेचं काम करतं. पान उघडलं की वाचणाऱ्याला कळावं, आता त्रिशलेची स्वप्नं आली. चेहऱ्यावरचे भाव शोधत बसलात तर पदरी निराशा येईल. आसन, हात, अंगाचा रंग आणि समासातली ओळ पाहिलीत तर बहुतेक चित्रांचा उलगडा होतो.

पान हातात आलं तर सुरुवात कुठून करायची?

चित्रापासून नको. पुढचा क्रम वेळ वाचवतो.

आधी समास पाहा. चित्राच्या शेजारी किंवा वर-खाली बारीक अक्षरात प्रसंगाचं नाव लिहिलेलं असतं: ‘देवानंदा’, ‘त्रिशला स्वप्न’, ‘गर्भापहार’. ही टीप बऱ्याचदा लेखनिकानं चित्रकारासाठी लिहिलेली असते. ती पुसट असेल तर तिरपा उजेड टाकून पाहा.

मग पानाचा क्रमांक. कागदी पोथीत तो सहसा मागच्या बाजूला उजव्या समासात खाली असतो. ताडपत्रावर बऱ्याचदा एका समासात अंक आणि दुसऱ्यात अक्षरांनी लिहिलेले अंक सापडतात. साधारण शंभर-सव्वाशे पानांच्या पोथीत १५ क्रमांकाचं पान असेल तर तुम्ही महावीरांच्या गर्भकाळाच्या आसपास आहात. ८० च्या पुढे गेलात तर महावीर मागे पडलेले असणार.

त्यानंतर मजकूर. प्राकृत येत नसलं तरी विशेषनामं सापडतात: ‘समणे भगवं महावीरे’, ‘तिसला’, ‘सिद्धत्थे’, ‘पासे’. ‘तेणं कालेणं तेणं समएणं’ हे पालुपद दिसलं की नवा कथाभाग सुरू झाला म्हणून समजा. चित्र शेवटी बघा.

एक अडचण मात्र येते. चित्र आणि मजकूर एकाच पानावर असतीलच असं नाही. लेखनिकानं जागा अंदाजानं सोडलेली असते, म्हणून प्रसंग एखादं पान मागेपुढे सरकतो. शंका आली तर अलीकडचं-पलीकडचं पानही वाचावं.

लिपी देवनागरीच आहे, तरी वाचता येत नाही. असं का?

पडीमात्रेमुळे. आपण ‘दे’ लिहिताना मात्रा डोक्यावर देतो. या पोथ्यांत तीच मात्रा अक्षराच्या आधी उभ्या काठीसारखी येते. म्हणजे ‘देवा’ हा शब्द नवख्याला आधी एक काना, मग ‘दवा’ असा दिसतो, आणि वाचणारा तो काना मागच्या अक्षराला जोडून मोकळा होतो. ‘को’मध्ये तर ‘क’च्या दोन्ही बाजूंना काठी असते. शिवाय शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. दोन-तीन पानं नेटानं वाचली की डोळा बसतो. ओळखीच्या नावांपासून सुरुवात केलेली बरी.

हरणाच्या तोंडाचा माणूस बाळ घेऊन चाललाय. हा कोण?

हरिणैगमेषी, शक्राचा म्हणजे इंद्राचा सेनापती. हे चित्र कल्पसूत्राची सर्वांत पक्की खूण आहे.

कथा अशी: महावीरांचा जीव आधी देवानंदा या ब्राह्मणीच्या उदरी आला. तीर्थंकर क्षत्रिय कुळातच जन्मतात, म्हणून शक्रानं हरिणैगमेषीला आज्ञा केली, आणि ८२ दिवस उलटल्यावर त्यानं तो गर्भ त्रिशला राणीच्या उदरी नेऊन ठेवला. चित्रांत याचे तीन-चार तुकडे होतात. शक्र आज्ञा देतो, हरिणैगमेषी देवानंदेच्या मंचकापाशी येतो, गर्भ हातावर घेऊन निघतो, आणि त्रिशलेच्या मंचकापाशी पोचतो.

फसगत होते ती दुसऱ्या आणि चौथ्या तुकड्यात. दोन्हीकडे तोच मंचक, तसंच छत, तशीच पहुडलेली स्त्री. त्रिशलेचा महाल कधी जास्त सजवलेला असतो, पण त्यावर भिस्त ठेवू नये. इथे समासातली ओळ आणि मजकूरच खरा. स्वप्नांचंही तसंच. देवानंदेला चौदा स्वप्नं पडतात आणि पुढे त्रिशलेलाही तीच चौदा. दोन्ही चित्रं पोथीत असतात, त्यामुळे ‘स्वप्नं आहेत म्हणजे त्रिशला’ हा अंदाज हमखास चुकतो.

ती चौदा स्वप्नं कोणती?

हत्ती, बैल, सिंह, श्री (लक्ष्मी), पुष्पमाला, चंद्र, सूर्य, ध्वज, पूर्णकलश, कमळांचं सरोवर, क्षीरसागर, देवविमान, रत्नांची रास आणि धूर नसलेला अग्नी. तीन-चार इंचांच्या चौकटीत हे सगळं बसवायचं म्हणून चित्रकार खाली राणी निजवतो आणि वर ओळींमध्ये स्वप्नं मांडतो. चंद्राच्या गोलात बहुधा हरीण असतं, त्यावरून तो सूर्यापासून वेगळा काढता येतो.

दिगंबर परंपरेत स्वप्नं सोळा. तिथे ध्वज नाही, पण माशांची जोडी, सिंहासन आणि नागभवन येतं. दिगंबर मंडळी कल्पसूत्र मानत नाहीत आणि गर्भसंक्रमणही मानत नाहीत. म्हणून हरिणैगमेषी गर्भ नेताना दिसला तर पोथी श्वेतांबरच.

च्यवन, जन्म, दीक्षा, केवलज्ञान, मोक्ष: ही पाच कल्याणकं कशी ओळखायची?

कल्याणकं म्हणजे तीर्थंकराच्या आयुष्यातले पाच मंगल प्रसंग. जन्म सोपा: आई मंचकावर, कुशीत बाळ. त्याला जोडून मेरुपर्वतावरचा अभिषेक येतो. शक्राच्या मांडीवर बाळ, आणि वरच्या कोपऱ्यांत बैल. हे बैल म्हणजे शक्राचीच रूपं, त्यांच्या शिंगांतून पाणी पडतं.

दीक्षेत झाडाखाली बसलेली आकृती एका हातानं स्वतःचे केस उपटते आणि समोर चार हातांचा शक्र ते झेलायला हात पुढे करतो. महावीर पाच मुठींत केशलोच करतात, ऋषभनाथ चार. म्हणूनच ऋषभांच्या खांद्यावर बटा दिसतात.

केवलज्ञानाला समवसरण, म्हणजे तीर्थंकराची उपदेशसभा. मधोमध जिन म्हणजे तीर्थंकर, भोवती तटबंदीची तीन कडी, चारी दिशांना दारं. हे वरून पाहिल्यासारखं, नकाशासारखं काढतात. बाहेरच्या कोपऱ्यांत कधी एरवी एकमेकांचे वैरी असलेले प्राणी शेजारी उभे असतात.

मोक्षाच्या चित्रात जिन वर तोंड केलेल्या चंद्रकोरीवर बसलेला असतो. ती कोर म्हणजे सिद्धशिला, मुक्त जीवांचं ठिकाण. दोन्ही बाजूंना झाडं, खाली डोंगराचे उंचवटे. चंद्रकोर दिसली की दुसरा विचार करायला नको.

घोळ च्यवनाचा, म्हणजे देवलोकातून आईच्या उदरी उतरण्याचा. देवविमानात बसलेला जिन देवळातल्या मूर्तीसारखाच दिसतो, आणि लोक त्याला ‘मंदिराचं चित्र’ म्हणून बाजूला ठेवतात. चरित्राच्या सुरुवातीलाच असं चित्र असेल तर ते बहुधा च्यवन.

सर्वसंगपरित्याग केलेल्या तीर्थंकराच्या अंगावर दागिने कसे?

कारण चित्रकारानं माणूस काढलेला नाही, पूजेतली मूर्ती काढली आहे. श्वेतांबर देवळांत मूर्तीला आंगी चढवतात. मुकुट, बाजूबंद, हार. च्यवन आणि मोक्ष या प्रसंगांत देह असा उरतच नाही, मग डोळ्यांसमोरची सजवलेली मूर्तीच तिथे येऊन बसली. साधू म्हणून फिरणारे महावीर त्याच पोथीत बिनदागिन्याचे दिसतात.

कोणता तीर्थंकर, हे कशावरून ठरवायचं?

पार्श्वनाथांवर सात फण्यांचा नाग आणि अंग निळं-हिरवट. नेमिनाथ काळे, लांछन म्हणजे ओळखचिन्ह शंख. महावीर सोनेरी, लांछन सिंह. ऋषभ सोनेरी, लांछन बैल. चोवीसपैकी सोळा तीर्थंकर सोनेरीच असल्यामुळे रंगावरून फक्त उरलेल्या आठांची ओळख पटते. लांछन आसनाच्या पट्टीवर मध्यभागी असतं, तेही प्रत्येक पोथीत नसतंच.

प्रसंग जास्त कामाचे. कोंडवाड्यातली जनावरं आणि परत फिरणारा वराचा रथ म्हणजे नेमिनाथ. पंचाग्नी साधणारा तापस, चिरलेलं लाकूड आणि त्यातून निघालेला साप म्हणजे पार्श्वनाथ आणि कमठ.

चेहरा एका बाजूनं, पण दुसरा डोळा हवेत बाहेर आलेला. हे काय आहे?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. नाक टोकदार, हनुवटी छोटी, आणि पलीकडचा डोळा गालाच्या रेषेबाहेर लटकतो.

एक लोकप्रिय उत्तर असं की श्वेतांबर मूर्तींना वरून काचेचे किंवा स्फटिकाचे डोळे बसवतात, त्याचा हा परिणाम. ऐकायला छान वाटतं, पण टिकत नाही. याच पद्धतीचे डोळे वैष्णव पोथ्यांतही आहेत. आणि त्याची सुरुवात पाहायची तर आपल्या वेरूळला जावं लागतं. कैलास लेण्याच्या छतावरच्या रंगचित्रांत नाक टोकदार होऊ लागलंय, पलीकडचा गाल आकसलाय आणि डोळा कडेला येऊन टेकलाय. अजिंठ्याच्या गोलाईदार तीन-चतुर्थांश चेहऱ्यापासून ही वाट निघते. पलीकडचा गाल शतकागणिक बारीक होत गेला, शेवटी गाल गेला आणि डोळा राहिला. चेहऱ्याला दोन डोळे हवेत हा आग्रह चित्रकारानं सोडला नाही, एवढंच. सोळाव्या शतकात हा डोळा हळूहळू नाहीसा होतो.

मग काही माणसांना असा डोळा का नाही?

ते परके. कल्पसूत्राला जोडून बऱ्याच पोथ्यांत कालकाचार्य कथा असते. उज्जैनच्या गर्दभिल्ल राजानं साध्वी सरस्वतीला पळवलं, तेव्हा तिचा भाऊ कालक सिंधूपलीकडच्या शाहींना म्हणजे शकांना घेऊन आला. हे शाही वेगळेच दिसतात: तीन-चतुर्थांश चेहरा, बारीक तिरके डोळे, दाढी, टोपी, लांब अंगरखा, बूट. हे ध्यान इराणी चित्रांतून आलं. कथेतले शक शतकानुशतकं आधीचे, पण चित्रकारानं त्यांना स्वतःच्या काळातल्या परदेशी सरदारांचा पोशाख चढवला.

याच कथेत पैठण आहे. प्रतिष्ठानच्या सातवाहन राजानं कालकाचार्यांना सांगितलं की भाद्रपद शुद्ध पंचमीला इथे इंद्राचा उत्सव असतो, पर्युषणाचा दिवस षष्ठीला घ्या. आचार्य म्हणाले, पुढे ढकलता येत नाही, अलीकडे घेता येतो. तेव्हापासून चतुर्थी. आपल्याकडे गणपती बसतात त्या दिवशी किंवा त्याच सुमारास श्वेतांबरांची संवत्सरी येते, त्यामागची परंपरेतली कथा ही. चित्रात मात्र उंच आसनावर साधू आणि खाली हात जोडलेला राजा एवढंच दिसतं, म्हणून ते ‘उपदेशाचं चित्र’ म्हणून दुर्लक्षिलं जातं.

चित्र तयार कसं होत असे?

आधी लेखन. कागदी पोथीचं पान साधारण २६ सेंटिमीटर लांब आणि ११ सेंटिमीटर उंच असतं. कागद घोटून गुळगुळीत करत, ओळी आखत, आणि लहिया म्हणजे लेखनिक चित्राच्या चौकटीपुरती जागा सोडून लिहीत जाई. लिहिताना चूक झाली तर ती हरताळाच्या पिवळ्या लेपानं झाकून वर पुन्हा लिहायचं. ‘हरताळ फासणे’ हा आपला वाक्प्रचार याच कामातला. पानावर अधूनमधून पिवळा डाग दिसला तर तो मळ नाही, दुरुस्ती आहे. तो पुसू नका.

मग चित्रकाराकडे पानं जात. तो पातळ रेषेनं आराखडा काढी. पंधराव्या शतकातल्या श्रीमंत पोथ्यांत आकृतींच्या जागी सोन्याचा वर्ख चिकटवून घोटत. त्यानंतर भोवतीची पार्श्वभूमी हिंगुळानं लाल किंवा लाजवर्दानं निळी भरत. म्हणजे सोनेरी अंग वरून रंगवलेलं नसतं, खालचं सोनं तेवढं उघडं ठेवलेलं असतं. मग कपडे, दागिने, आणि अगदी शेवटी काजळाची काळी रेषा. डोळा, नाक, बोटं या शेवटच्या रेषेत जन्माला येतात. ती घसरली तर दुरुस्ती नाही, कारण घोटलेल्या सोन्यावर खाडाखोड लगेच दिसते.

भिंग घेऊन कडा पाहा. जिथे निळा रंग उडालाय तिथे खाली सोन्याची कड पुढे गेलेली दिसते. वर्ख आधी आणि रंग नंतर, याचा पुरावा तिथेच मिळतो.

जुन्या ताडपत्रांवर हे सगळं जेमतेम दोन-अडीच इंच उंचीत करावं लागे. तिथे सोनं क्वचित, पिवळ्यावर भागवलेलं. ताडपत्रं ओवायला भोकं लागत. कागदाला ती लागेनात, तरी त्या जागी लाल किंवा सोनेरी टिकल्या काढायची सवय राहिली.

चित्रं कुठे आणि का खराब होतात?

हिरवा आधी बघा. जंगाल हा हिरवा रंग तांब्यापासून करतात आणि तो कागद खातो. हिरव्या पट्ट्यात पान तपकिरी होऊन चिरलेलं असतं, कधी तुकडाच गळालेला असतो. लाजवर्द हा दगड दळून केलेला, कण जाड, डिंक कमी पडला की पावडर होऊन झडतो. ओल लागली तर समोरासमोरची पानं चिकटतात आणि ओढून सोडवली की एकाचा चेहरा दुसऱ्यावर उमटतो. चिकटलेली पानं घरी सोडवू नयेत. वाफ तर अजिबात देऊ नये.

साल कसं काढायचं?

शेवटच्या पानावरची पुष्पिका वाचायची. तिथे संवत, गाव, गुरूंचं नाव, करवून घेणाऱ्याचं घराणं असं बरंच असतं. विक्रम संवतातून ५७ वजा केले की इसवी सन येतो. पण गुजरातेत वर्ष कार्तिकात सुरू होतं, त्यामुळे तिथल्या पोथीत जानेवारीपासून दिवाळीपर्यंतच्या तिथींसाठी ५६ वजा करावे लागतात. जौनपूरच्या प्रसिद्ध सुवर्णाक्षरी कल्पसूत्राचा संवत १५२२, म्हणजे १४६५. ते शर्की सुलतान हुसेनशाहाच्या राज्यात हर्षिणी श्राविकेनं करवून घेतलं. मांडूचं १४३९ चं. सुलतानांच्या राजधान्यांत जैन व्यापारी अशा पोथ्या करवून घेत होते, हे विसरू नये.

पुष्पिका जुन्या पोथीतून जशीच्या तशी उतरवलेली असू शकते. अक्षराचं वळण आणि कागद तिच्याशी जुळतोय का, ते पाहावं.

याला ‘जैन शैली’ म्हणावं का?

आम्ही म्हणत नाही. अहमदाबादेत १४५१ मध्ये तयार झालेला ‘वसंतविलास’ हा कापडावर चितारलेला लांब पट शृंगाराचा आहे आणि शैली हीच. बालगोपालस्तुतीच्या पोथ्या कृष्णभक्तीच्या. ‘पश्चिम भारतीय शैली’ हे नाव सोयीचं आहे.

बाजारात सुटी पानं विकायला येतात. घ्यावीत का?

पोथ्या फाडूनच सुटी पानं तयार होतात, एवढं आधी लक्षात घ्या. शिवाय १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार ७५ वर्षांहून जुनं महत्त्वाचं हस्तलिखित पुरावशेषात मोडतं, सचित्र पोथीची नोंदणी करावी लागते, आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या नातेवाइकांना भेट म्हणून पाठवायचा विचार असेल तर तिथेच थांबा.

बनावट ओळखायच्या काही खुणा आहेत. खऱ्या पानात अक्षरं चौकटीपाशी येऊन थांबतात. चित्राच्या खाली अक्षरं डोकावत असतील तर चित्र नंतर चढवलेलं आहे. मजकूर साधूंच्या नियमांचा आणि चित्र स्वप्नांचं असेल तर गडबड आहे. सोनं हिरवट पडलं असेल तर ती पितळेची पूड. आणि कागदाची कड चहात बुडवल्यासारखी सगळीकडे सारखीच तपकिरी असेल तर बहुधा ती चहातच बुडवली आहे.

घरात जुनी पोथी आहे. कशी ठेवायची?

सुती कापडात बांधून, दोन पाट्यांमध्ये, आडवी. भांडारांमध्ये वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवायची जुनी रीत आहे, ती चांगली. पुरचुंडी पानाला मात्र टेकू देऊ नये. पावसाळा संपल्यावर कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमीला, पोथ्या बाहेर काढून झटकतात, हवा देतात. उन्हात नव्हे, सावलीत. चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन करू नये, फ्लॅश मारून फोटो काढू नये.

बोटाला थुंकी लावून पान उलटणं तर अजिबात नको. पानाचं नुकसान होतंच, पण हरताळात आर्सेनिक आहे आणि हिंगुळात पारा. पोथी हाताळून झाल्यावर हात धुवा.

महाराष्ट्रात हे कुठे बघायला मिळेल?

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पश्चिम भारतीय पोथीचित्रं आहेत. या विषयावर मूलभूत काम करणारे मोतीचंद्र याच संग्रहालयाचे संचालक होते. पुण्याच्या भांडारकर संस्थेत जैन हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे, त्याची सूची हिरालाल कापडियांनी केली. तिथे जाण्याआधी सूचीतला क्रमांक काढून ठेवा. ‘एखादं कल्पसूत्र दाखवा’ असं म्हणून चालत नाही, कोणतं ते सांगावं लागतं.